कुतुबखाने, ज्ञानकोश आणि ‘कशावरून?’ हा प्रश्न

काही वर्षांपूर्वी आमच्या बुलढाणा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी ग्रंथालयाचा कार्यक्रम होता. उर्दू माध्यमाच्या शाळेतील मुलामुलींना घेऊन आम्ही गेलो होतो. वक्ते चांगले बोलत होते. निनेव्हे, अलेक्झांड्रिया, नालंदा अशा प्राचीन ग्रंथालयांची माहिती त्यांनी मुलांना दिली. बोलण्याच्या ओघात, अलेक्झांड्रियाचे ग्रंथालय खलिफा उमर यांच्या हुकमाने जाळले गेले आणि त्या पुस्तकांवर शहरातील हमामांचे पाणी सहा महिने तापत होते, असेही सांगून ते पुढे गेले. त्यांच्या मनात वाकडे काही नव्हते. कुठेतरी वाचले होते, ते त्यांनी सांगितले.

परतताना एस.टी.त नववीतील एका मुलीने विचारले, ‘‘सर, ये बात सच है क्या?’’ आम्ही तडकाफडकी उत्तर दिले, ‘‘बिलकूल झूठ है.’’ मुलीचे समाधान झाले नाही. तिने पुन्हा विचारले, ‘‘आप को कैसे मालूम?’’ त्या क्षणी आमच्याजवळ रागाखेरीज दुसरे उत्तर नव्हते. वक्त्यांनी ऐकीव माहितीवर ‘हो’ म्हटले होते आणि आम्ही ऐकीव माहितीवर ‘नाही’ म्हणत होतो. खरे पाहता दोघेही एकाच बाकावर बसलेलो होतो.

हा लेख त्या मुलीच्या प्रश्नातून निघाला आहे. ज्ञान साठवण्याच्या जुन्या आणि नव्या रीतींची तुलना करताना बहुतेक लेखक आकड्यांत अडकतात. तेव्हा इतकी हजार पुस्तके होती, आज एका मोबाइलमध्ये इतके लाख मावतात, वगैरे. आमच्या मते तुलनेची कसोटी वेगळी असली पाहिजे. कोणत्याही संग्रहाला ‘कशावरून?’ असे विचारले असता तो उत्तर देऊ शकतो का, हे पाहिले पाहिजे. या कसोटीला आपल्या परंपरेत एक नाव आहे, सनद. मराठीत सनद म्हणजे सरकारी अधिकारपत्र. आपल्या घराण्यांतून इनामाच्या सनदा जपून ठेवलेल्या असतात. हदीसच्या शास्त्रात मात्र सनद म्हणजे सांगणाऱ्यांची साखळी. अमुक गोष्ट आम्हाला अमुकाने सांगितली, त्याला अमुकाने, त्याने ती स्वतः ऐकली. साखळीतील एक जरी कडी निखळली असेल किंवा त्यातील एखादा माणूस भरवशाचा नसेल, तर गोष्ट कितीही गोड असली तरी ती कमजोर ठरते.

ही कसोटी आधी अलेक्झांड्रियाच्या गोष्टीलाच लावून पाहू. हजरत अम्र बिन आस यांच्या सैन्याने अलेक्झांड्रिया घेतले ते इ.स. ६४२ च्या सुमारास. निकियूचा ख्रिस्ती बिशप जॉन याने त्याच शतकात या विजयाचा वृत्तांत लिहिला. तो अरबांचा मित्र नव्हता. तरीही त्याच्या वृत्तांतात पुस्तके जाळल्याचा उल्लेख नाही. पुढे इब्न अब्दुल हकम, बलाजुरी, तबरी या मुस्लीम इतिहासकारांनी इजिप्तच्या विजयाची लहानसहान हकिकत लिहिली. त्यांच्याकडेही ही गोष्ट नाही. ती प्रथम आढळते ती इ.स. १२०० च्या सुमारास इजिप्तला गेलेल्या अब्दुल लतीफ बगदादी यांच्या प्रवासवर्णनात, आणि तीही ओझरती. त्यानंतर इब्न अल्‌-किफ्ती यांनी ती हमामांसह रंगवून सांगितली. म्हणजे घटना आणि तिचा पहिला उल्लेख यांत साडेपाचशे वर्षांचे अंतर आहे. शिवाय या गोष्टीत हजरत अम्र यांच्याकडे पुस्तके मागणारा जो विद्वान येतो, तो याह्या नहवी, त्या विजयाच्या अर्धशतकाहून अधिक आधीच मरण पावला होता. ग्रंथालयाचे म्हणावे तर इ.स.पू. ४८ मधील सीझरची आग, तिसऱ्या शतकातील लढाया आणि इ.स. ३९१ मध्ये झालेला सेरापियम मंदिराचा नाश, एवढ्यांतून अरब येण्यापूर्वी तेथे काय शिल्लक उरले असेल हाच प्रश्न आहे.

अठराव्या शतकात गिबनने या गोष्टीवर अविश्वास दाखवला. १८९२ मध्ये मौलाना शिबली नोमानी यांनी उर्दूत ‘कुतुबखाना-ए-इस्कंदरिया’ हा स्वतंत्र निबंध लिहून तिची एकेक कडी तपासली. १९०२ मध्ये आल्फ्रेड बटलर या इंग्रज अभ्यासकाने इजिप्तच्या विजयावरील आपल्या ग्रंथात तोच निष्कर्ष काढला. आमच्या मनाला लागणारी गोष्ट ही की, त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर तिच्याच माध्यमाच्या भाषेत शंभराहून अधिक वर्षे पडून आहे. प्रश्न मराठीत आणि उत्तर उर्दूत, अशी ही फाळणी. वक्त्यांना उर्दू येत नव्हते आणि आम्हाला उर्दू येत असून आम्ही शिबली वाचलेले नव्हते. यात अधिक दोष कोणाचा, ते वाचकांनी ठरवावे.

परंतु कसोटी हाती घेतली की ती आपल्या आवडत्या गोष्टींनाही लावावी लागते. नाहीतर ती समीक्षा राहत नाही, वकिली होते. आपल्या जलशांतून, दिवाळी-ईद विशेषांकांतून एक गोष्ट हमखास सांगितली जाते. १२५८ मध्ये हलाकूने बगदाद लुटले तेव्हा इतकी पुस्तके दजला नदीत फेकली गेली की तिचे पाणी शाईने काळे झाले. बगदादची कत्तल आणि लूट झाली यात शंका नाही. पण शाईने काळ्या झालेल्या नदीची गोष्ट नंतरच्या पिढ्यांतील लेखकांनी सांगितलेली आहे, त्या प्रलयातून गेलेल्यांनी नव्हे. इब्न अल्‌-फुवती हे १२५८ मध्ये तरुण वयात कैद झाले. नसीरुद्दीन तूसी यांनी त्यांना सोडवून मरागा येथील वेधशाळेच्या ग्रंथालयावर नेमले. पुढे ते बगदादला परतले आणि तेथील मुस्तनसिरिया मदरशाच्या ग्रंथालयाचे प्रमुख झाले. म्हणजे त्या प्रलयानंतरही बगदादेत सांभाळण्याजोगे ग्रंथालय होते. हे सांगताना हलाकूचा गुन्हा कमी होत नाही. आपली गोष्ट मात्र थोडी फिकी होते आणि ती व्हायला हवी.

‘बैतुल हिकमा’चेही तसेच आहे. खलिफा मामून यांच्या या संस्थेला आपण जगातील पहिले विद्यापीठ, भाषांतर महामंडळ आणि संशोधन केंद्र सारे एकदम करून टाकले आहे. दिमित्री गुतास या अभ्यासकाने १९९८ मध्ये मूळ उल्लेख तपासून दाखवले की या संस्थेविषयीची प्रत्यक्ष माहिती अगदी थोडी आहे. तो मुख्यतः इराणी पद्धतीचा राजवाड्यातील ग्रंथसंग्रह असावा. ग्रीक ग्रंथांचे अरबीत भाषांतर झाले ही गोष्ट पक्की आहे, पण ते दोनशे वर्षे वजीर, हकीम, व्यापारी, ख्रिस्ती आणि मुस्लीम विद्वान अशा अनेकांच्या पैशाने आणि कष्टाने चालले. एका इमारतीला सारे श्रेय देऊन आपण त्या माणसांना विसरलो. कुर्तुब्याचा खलिफा हकम दुसरा याच्या ग्रंथालयाचा अभिमान आपण बाळगतो. पण त्याच ग्रंथालयातील तत्त्वज्ञान आणि ज्योतिषाची पुस्तके पुढे त्याच राज्याचा कारभारी अल्‌-मन्सूर याने बाहेर काढून नष्ट केली, हे आपण सांगत नाही. ती जाळणारे हात आपलेच होते.

आणि नालंदा? मिन्हाज सिराज यांनी तेराव्या शतकाच्या मध्यावर ‘तबकाते नासिरी’त बख्तियार खिलजीच्या बिहारवरील चढाईचे वर्णन केले आहे. ज्याला किल्ला समजून घेतले ते विद्येचे स्थान निघाले, आत पुष्कळ ग्रंथ सापडले, पण ते वाचून दाखवतील असे लोक मारले गेले होते, असे ते लिहितात. ही हकिकत चढाईत असलेल्या शिपायाच्या तोंडून ऐकल्याचेही ते सांगतात. येथे सनद आहे, म्हणून ही गोष्ट आपल्याला मान्य केली पाहिजे. ते स्थान बहुधा ओदंतपुरी असावे, मिन्हाज यांनी नालंदाचे नाव घेतलेले नाही आणि ग्रंथ जाळल्याचेही म्हटलेले नाही. १२३५ च्या आसपास आलेल्या धर्मस्वामी या तिबेटी भिक्षूला नालंदात एक अतिवृद्ध आचार्य सत्तरेक विद्यार्थ्यांना शिकवताना आढळले. हे सारे जसे आहे तसे मुलांपुढे ठेवावे. जे आपल्या बाजूचे तेवढे सांगायचे आणि बाकीचे झाकायचे, हा शिक्षकाचा धर्म नव्हे.

आता जुन्या कुतुबखान्यांचे खरे मोठेपण कशात होते ते पाहू. आमच्या मते ते त्यांच्या आकारात नव्हते. त्या काळातील ज्या एका ग्रंथाचे आम्हाला सर्वांत अधिक आश्चर्य वाटते, तो कोणत्या खलिफाचा नाही, एका पुस्तकविक्याचा आहे. बगदादचे इब्न अल्‌-नदीम हे वर्राक होते, म्हणजे पुस्तकांच्या नकला करून घेणारे आणि विकणारे. हिजरी ३७७ मध्ये, म्हणजे इ.स. ९८७-८८ च्या सुमारास, त्यांनी ‘अल्‌-फेहरिस्त’ लिहिला. फेहरिस्त म्हणजे यादी. हा शब्द फेरिस्त होऊन आपल्या जुन्या मराठी दफ्तरांतही शिरला आहे. दहा प्रकरणांच्या या यादीत अरबीत उपलब्ध असलेल्या सर्व विषयांच्या पुस्तकांची आणि लेखकांची नोंद आहे. कुरआनच्या विद्या आहेत, व्याकरण, कविता, कलाम, फिकह, वैद्यक आहे, तसेच किस्से-कहाण्या आणि जादूटोणाही आहे. हिंदुस्थान आणि चीनमधील लोकांचे धर्म काय, तेही त्यांनी विचारून लिहिले आहे. कवींच्या दिवाणांची नोंद करताना पाने किती आणि एका पानावर ओळी किती धरल्या, हेही ते सांगतात. नकल करून विकणारा कमी पानांत गिऱ्हाईक फसवू नये, ही दुकानदाराची सावधगिरी त्यामागे आहे. एखादे पुस्तक आपण स्वतः पाहिले की कोणाकडून ऐकले, तेही ते ठिकठिकाणी नोंदवतात.

त्या यादीतील बहुतेक पुस्तके आज जगात नाहीत. ती होती एवढे आपल्याला कळते ते यादीमुळे. कुतुबखाने गेले, त्यांची फेहरिस्त उरली. जुन्या जगाकडून घ्यायचा धडा असेल तर तो हा.

जुन्या कुतुबखान्यांचा दोषही येथेच सांगितला पाहिजे. बहुतेक मोठे संग्रह दरबाराशी बांधलेले होते. धनी असेपर्यंत ते टिकत आणि तो गेला की उधळले जात. आपल्या दख्खनचेच पाहा. बहामनी वजीर महमूद गावान यांनी १४७२ मध्ये बीदरला मदरसा बांधला. त्यात तीन हजार ग्रंथ होते असे सांगतात. १४८१ मध्ये सुलतानाने त्याच गावानांना ठार करविले. आज मदरशाची भग्न इमारत उभी आहे, पुस्तकांचा पत्ता नाही. विजापूरच्या आदिलशाही संग्रहातून जी अरबी हस्तलिखिते आसार महालात उरली होती, ती १८५३ मध्ये लंडनला रवाना झाली. तेथे १८७७ मध्ये ओटो लोथ यांनी त्यांची रीतसर सूची छापली. आज ती ब्रिटिश लायब्ररीत आहेत. पुस्तके आपली, फेहरिस्त परक्यांची. याला पर्याय नव्हता असे नाही. पाटण्याच्या खुदाबख्श यांनी वडिलांचा आणि आपला सुमारे चार हजार हस्तलिखितांचा संग्रह वक्फ करून १८९१ मध्ये सर्वांसाठी खुला केला. तो आजही सुरू आहे. राजाचा संग्रह गेला, वक्फचा राहिला.

मराठीत हे काम आधुनिक पद्धतीने सुरू केले ते डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी. १९२० ते १९२९ या काळात ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे २३ खंड त्यांनी बाहेर काढले. वर्गणीदार मिळवत ते स्वतः गावोगाव हिंडले. राजाश्रयाशिवाय, वाचकांच्या पैशावर उभा राहिलेला मराठीतील हा पहिला मोठा ज्ञानसंग्रह. स्वातंत्र्यानंतर तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईला बसून ‘मराठी विश्वकोशा’चा संसार मांडला. पहिला खंड १९७६ ला आला आणि विसाव्यासाठी २०१५ उजाडले. ते पाहायला शास्त्रीजी नव्हते, १९९४ मध्येच ते गेले. विश्वकोशाचा आम्हाला आवडणारा गुण असा की नोंदीखाली लिहिणाऱ्याचे नाव असते आणि संदर्भ दिलेले असतात. पुढे तो इंटरनेटवर सर्वांना फुकट खुला झाला. खेड्यातील मुलाला हे खंड विकत घेता आले नसते, ते आज त्याच्या खिशात आहेत.

नव्या पद्धतीचे बळ कशात आहे हे आमच्याच जिल्ह्यातील लोणारवरून समजते. अकबर बादशहाने वऱ्हाड घेतल्यानंतर अबुल फजल यांनी ‘आईने अकबरी’त या सुभ्याची माहिती दिली. तिच्यात लोणार आहे. ब्राह्मण या स्थानाला तीर्थ मानतात आणि तेथे काच व साबण बनवण्याचे सामान मिळते, असे त्यांनी नोंदवले. चारशे वर्षांपूर्वी आगऱ्याच्या दरबारी लेखकाला लोणारच्या क्षाराची खबर होती, ही लहान गोष्ट नव्हे. पण हे सरोवर झाले कसे, हे त्यांना ठाऊक नव्हते. पुढे इंग्रज अभ्यासकांनी त्याला ज्वालामुखीचे मुख मानले. १९७३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकातील लेखाने ते उल्कापाताचे विवर असल्याचे सिद्ध केले. त्याचे वय सुमारे ५० हजार वर्षे सांगितले जाई. नंतरच्या आर्गॉन पद्धतीच्या मोजणीत, २०११ च्या सुमारास, ते पावणेसहा लाख वर्षांच्या घरात गेले. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले तेव्हा गावात नाना तर्क चालले होते. पुण्याच्या आघारकर संस्थेने पाणी तपासून, खारटपणा वाढल्याने वाढलेल्या सूक्ष्मजीवांचा तो रंग आहे असे सांगितले. छापील पुस्तकात ५० हजारांचा आकडा तसाच राहतो. नव्या कोशात तो त्याच रात्री दुरुस्त करता येतो. चूक कबूल करून सुधारण्याची ही सोय कोणत्याच प्राचीन ग्रंथालयात नव्हती.

मराठी विकिपीडिया २००३ मध्ये आणि उर्दू विकिपीडिया २००४ मध्ये सुरू झाला. मराठीतील लेख आज लाखाच्या घरात आहेत आणि उर्दूतील दोन लाखांवर. विकिपीडिया कोणीही लिहितो म्हणून त्याला नाक मुरडणारे आमचे शिक्षकबंधू बरेच आहेत. त्यांना आमचे सांगणे असे की त्याचा ‘इतिहास’ उघडून पाहावा. कोणत्या दिवशी कोणत्या नावाने काय बदलले, हे तेथे ओळीने दिसते. पुरावा नसेल तर ‘संदर्भ हवा’ असा शेराही असतो. सनद हवी, असेच ते म्हणणे. खरा दोष दुसरीकडे आहे. बरेच लेख दोन ओळींचे आहेत आणि पुष्कळ इंग्रजीवरून उतरवलेले. आकडा फुगतो, ज्ञान फुगत नाही.

२०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आले आणि गोष्ट आणखी पुढे गेली. आता मुले प्रकल्पासाठी पुस्तक उघडत नाहीत, कोशही उघडत नाहीत. प्रश्न टाकला की सफाईदार मराठीत तयार उत्तर येते. त्यात बरोबर माहिती असते आणि कधी चुकीचीही, पण दोन्हींचा आवाज सारखाच ठाम असतो. ‘कशावरून?’ असे विचारले तर कधी खरे पुस्तक सांगते, कधी जगात नसलेले. इब्न अल्‌-नदीम ‘हे मी पाहिले’, ‘हे मी ऐकले’ असा भेद करत होते. यंत्राने काहीच पाहिलेले नाही, सारे ऐकलेलेच आहे. त्याला शिव्या देण्यात अर्थ नाही. कार्यक्रमातील ते वक्ते आणि एस.टी.तील आम्ही, दोघेही त्या दिवशी हेच तर करत होतो.

आता मुख्य गोष्ट. या सर्व साठ्यांत, केतकरांच्या कोशापासून आजच्या यंत्रापर्यंत, तेच जाते जे कोणीतरी आणून घालतो. आपण काय आणून घातले?

आमच्या जिल्ह्यातील एका कसब्यात एक वयोवृद्ध गृहस्थ वारले. मुले नोकरीनिमित्त पुण्याला. घर विकायचे ठरले. माळ्यावर लोखंडी पेटी होती, तिच्यात अरबी लिपीतले कागद गच्च भरलेले. घरातील तरुणांना उर्दू वाचता येत नव्हते, त्यांचे शिक्षण मराठी आणि इंग्रजीत झालेले. लिपी कुरआनसारखी दिसते म्हणजे हे सारे पाक, रद्दीत घालणे गुनाह, म्हणून दोन गोण्या भरून नदीत ‘ठंडे’ करण्याचे ठरले. आम्हाला कळले तोवर एक गोणी गेली होती. दुसरी आम्ही मागून घेतली.

त्या गोणीत कुरआनचे सुटे सिपारे होते, ते आम्ही अदबीने मशिदीत दिले. बाकी काय होते? जुनी उर्दू वाचनपुस्तके. जमिनीचे दोन-तीन करार, अर्धे उर्दूत आणि अर्धे मोडीत. लग्नातील आहेराची यादी. आणि एका हकिमाची वही. वहीची भाषा उर्दू, पण झाडपाल्याची नावे आमच्या वऱ्हाडी मराठीतली, उर्दू लिपीत लिहिलेली. अडुळसा, निरगुडी, टाकळा, रुई. काही नुस्ख्यांपुढे ‘मुजर्रब’, म्हणजे आजमावून पाहिलेला, असा शेरा होता. काहींपुढे तो कोणाकडून मिळाला त्याचे नाव होते आणि त्यांत मुसलमान नसलेल्या वैदूंचीही नावे होती. त्या साध्या हकिमाने सनद लिहून ठेवली होती. ही वही कोणत्या कोशात जाणार? मराठी कोशकाराला लिपी वाचता येणार नाही आणि उर्दू कोशकाराला निरगुडी म्हणजे काय ते कळणार नाही. ती वाचू शकणारी माणसे फक्त आपल्यातच आहेत, आणि ती कमी होत चालली आहेत.

अलेक्झांड्रिया कोणी जाळले यावर आपण तावातावाने बोलतो. आपले कुतुबखाने मात्र आपण स्वतः आदराने बुडवत आहोत. त्यात द्वेष नाही, श्रद्धा आहे, म्हणून कोणी बोलतही नाही. अल्लाहच्या नावाचा कागद पायदळी पडू नये ही भावना योग्यच आहे. पण हीच भावना इतरत्र वेगळी वागली. ज्या अम्र बिन आस यांच्यावर पुस्तके जाळल्याचा आळ आहे, त्यांनीच वसवलेल्या फुस्तात शहरात यहुदी लोकांनी आपल्या प्रार्थनास्थळाच्या एका कोठीत शेकडो वर्षे जुने कागद टाकून ठेवले. देवाचे नाव असलेला कागद फाडायचा नाही म्हणून. १८९७ मध्ये त्यातील सुमारे दोन लाख तुकडे केंब्रिजला गेले. धर्मग्रंथांबरोबर त्यांत हिंदुस्थानशी व्यापार करणाऱ्यांची पत्रे, हिशेब, लग्नाचे करार निघाले. त्यांवरून गोइटाइन यांनी मुस्लीम राजवटीतील सामान्य माणसांच्या जीवनाचा मोठा इतिहास लिहिला. १९७२ मध्ये येमेनमधील सनआच्या जामा मशिदीची दुरुस्ती करताना छताच्या पोकळीत कुरआनची अतिप्राचीन पाने सापडली. कोणीतरी ती बुडवली नाहीत, ठेवून दिली, म्हणून ती आज आहेत.

केंद्र सरकारने २००३ मध्ये हस्तलिखितांच्या नोंदणीचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. २०२५ पासून ते ‘ज्ञान भारतम्’ या नावाने नव्याने हाती घेतले आहे. पंचाहत्तर वर्षांहून जुनी हस्तलिखिते घरात असली तरी त्यांची नोंद होऊ शकते. परंतु सरकारी माणूस आपल्या माळ्यावर चढून येणार नाही. आधी आपल्याला आपली यादी करावी लागेल.

आम्ही शाळेत एक साधा प्रयोग केला. दोनशे पानी वही घेतली आणि तिच्यात पाच रकाने आखले. कागदाचे किंवा पुस्तकाचे नाव, कोणी लिहिले, पाने किती, कोणाच्या घरी आहे, आणि हे कोणी सांगितले. मुलांनी आपापल्या घरी जाऊन विचारायचे, वस्तू आणायची नाही, फक्त नोंद आणायची. नोंद उर्दूत आणि समोर मराठीत. उर्दूत अडले तर दादी-नानीला विचारायचे आणि मराठीत अडले तर मराठीच्या बाईंना. पहिल्या महिन्यात बरेचसे छापील पंचसूरे आणि जुन्या लग्नपत्रिका आल्या. आम्ही त्याही लिहून घेतल्या. नंतर एका घरून काझीपदाची सनद आली, एका घरून सैलानीच्या जत्रेचा हिशेब. ‘कोणी सांगितले’ हा रकाना मुले सुरुवातीला रिकामा ठेवत. तो रिकामा असेल तर नोंद परत, असा नियम केला.

वाचकांना आमची विनंती एवढीच. या अंकाचे वाचक मराठी वाचतात आणि त्यांतील अनेकांच्या घरात उर्दू वाचणारे एखादे माणूस अजून हयात आहे. पेटी नदीवर नेण्यापूर्वी त्या माणसासमोर ती एकदा उघडा. कुरआनची पाने वेगळी काढा, त्यांचा जो अदब करायचा तो करा. उरलेल्या कागदांची एक यादी करा आणि ती मराठीत करा, म्हणजे तुमच्या नातवाला आणि शेजारच्या मराठी अभ्यासकाला, दोघांनाही वाचता येईल. पुढे पेटी टिकली नाही तरी यादी टिकेल.

ती मुलगी आता अकरावीत आहे. मध्यंतरी आम्ही शिबलींच्या निबंधाचा सारांश मराठीत करून मुलांना वाचून दाखवला, तेव्हा ती हजर होती. आम्ही वाचत असताना तिने पुन्हा हात वर केला. शिबलींनी ज्यांचे दाखले दिले त्यांची पुस्तके आज कुठे मिळतील, असे तिला विचारायचे होते. या वेळी आम्हाला राग आला नाही. जे माहीत होते ते फळ्यावर लिहिले आणि उरलेल्यासाठी वहीत एक ओळ रिकामी ठेवली.